म्बाह विर्योंच्या दारातला रांजण

बू पार्तिनीला, म्हणजे पार्तिनीबाईला, रिकामं भांडं बघवत नाही, हे जावातल्या आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. फुटका राइस-कुकर, तळ गेलेली कढई, पट्टा तुटलेलं हेल्मेट, एकट्या पडलेल्या चपलेसारखा कुठला तरी डावा बूट, तिला सगळं चालायचं. नवरा तुगिमान गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढायचा, त्यामुळं टायरला तोटा नव्हता. जुना टायर कापायचा, उलटा फिरवायचा, त्याला मान काढून हंस करायचा आणि हंसाच्या पाठीत माती भरायची. चोडे नदीकडं उतरत जाणाऱ्या त्या चिंचोळ्या गल्लीत असे इतके हंस बसले होते, की नदीत पाणी कमी आणि गल्लीत हंस जास्त असं लोक म्हणायचे.

"मी कधी एका जागी जास्त वेळ बसत नाही," तुगिमान गिऱ्हाइकांना सांगायचा. "बायकोचा भरवसा नाही. डोक्यावर मिरची लावून मोकळी होईल."

पण बाईच्या हाताला कला होती हो. उगाच नाव कशाला ठेवा? कुंडी भरायची म्हणजे एक ताठ, एक दाट आणि एक लोंबतं, असा तिचा नेम. मध्ये सासूची जीभ नावाचं लांब पात्यांचं झाड ताठ उभं, भोवती कोलियसची रंगीत दाटी, आणि काठावरून मनीप्लँट खाली सोडलेला. कमरेवर हात ठेवून ती चार पावलं मागं जायची, मान वाकडी करून बघायची आणि पुन्हा सगळं उपसायची. "लाल डब्यात लाल पान? मिरचीवर सांबालची लाल चटणी ओतल्यासारखं दिसतंय नुसतं!" असं स्वतःलाच झापायची.

आणि हे सगळं तिनं स्वतःच्या दारात ठेवलं असतं तर गोष्टच घडली नसती. पण झाड एकट्याकडं राहिलं की रुसतं, असं तिचं म्हणणं. चार घरी दिलं की एका घरचं वाळलं तरी तीन घरी उरतं. बायकांच्या भिशीला ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फांद्या आणायची, आणि भिशी कुणालाही लागो, फांदी प्रत्येकीला लागायची. कुणाच्या दारात काय शोभेल हे ती येता-जाता ठरवून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कुंडी घेऊन हजर व्हायची. "ठेवू का इथं?" "ठेवा की, बू, ठेवा." झालं.

आता हे 'ठेवा की' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या जावाच्या माणसांना सगळं येतं, पण 'नको' म्हणायला येत नाही. नको म्हणायचं ते आईला, नवऱ्याला, पोटच्या पोरांना. बाहेरच्या माणसाला नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. त्यामुळं आमच्याकडं 'हो' पुष्कळ तऱ्हेचे. पटकन आलेला हो म्हणजे हो. जरा थांबून, हसून आलेला हो म्हणजे बघू. आणि 'तुम्हाला योग्य वाटेल तसं' असं कुणी म्हणालं, की शहाण्या माणसानं विषय बदलायचा, हवापाण्याचं बोलायचं आणि हळूच घरी जायचं. हे कुणी शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर येतं.

बू पार्तिनीही इथलीच, याच गल्लीत जन्मलेली. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण उत्साह भरला की माणसाचे कान बंद होतात, आणि त्या वर्षी तिचे कान पार बंद झाले होते. कारण महानगरपालिकेची हिरव्या गल्ल्यांची स्पर्धा जवळ आली होती, आणि आदल्या वर्षी नदीपलीकडच्या गल्लीनं प्लास्टिकच्या बाटल्यांची कमान उभारून आमचा पहिला नंबर पळवला होता. बाटल्यांची कमान! पार्तिनीला ते नुसतं आठवलं तरी घास गोड लागायचा नाही.

गल्ली जिथं वळते, तिथं म्बाह विर्योंचं घर होतं. आमच्याकडं आजोबाही म्बाह आणि आजीही म्बाह. पंचाहत्तरी उलटलेला, वहाणांचा आवाजही न करणारा माणूस. आधी लाकूड कोरायचे, आता नुसते ओसरीच्या बाकावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान तुकवायचे. बायको म्बाह रुबियाह गेल्यापासून एकटेच होते. मुलगी सुलिस लग्न होऊन सेमारांगला. आणि त्यांच्या दारात, बाकाशेजारी, एक रांजण होता. जुना, पोटाला गोल, शेवाळ चढून हिरवटकाळा झालेला, तोंडावर लाकडी झाकण. रुबियाह होती तेव्हा ती रोज सकाळी पाणी उकळून, गार करून तो भरायची. झाडूवाले, फेरीवाले, सायकलरिक्षा ओढणारे, शाळेची पोरं, ज्याला तहान लागेल त्यानं ओगराळं बुडवायचं आणि प्यायचं. पूर्वी आमच्याकडं घरोघरी असे रांजण असायचे. हल्ली सगळ्यांच्या हातात बाटल्या. रुबियाह गेली आणि रांजण कोरडा पडला. अडीच वर्षं गेली, कुणी भरला नाही.

वळणावर आल्याबरोबर परीक्षकांची पहिली नजर जाणार ती नेमकी त्या रांजणावर. पार्तिनीला तर तो रिकामा रांजण झोपेतसुद्धा दिसायला लागला.

"म्बाह," ती एका सकाळी त्यांच्या ओसरीवर टेकत म्हणाली, "हा रांजण नुसताच पडलाय ना?"

"हं," म्हातारा म्हणाला.

"किती सुंदर आहे! असलं शेवाळ पैसे देऊन मिळायचं नाही. मी यात झाडं लावू? मध्ये ताठ सासूची जीभ, आणि काठावरून असा मनीप्लँट. परीक्षक जागचे हलणार नाहीत बघा."

म्बाह विर्यो हसले. रांजणाकडं बघितलं. झाकणावर पडलेलं एक पान उचलून त्यांनी बाजूला टाकलं. मग म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं, बू."

आता सांगा! तिथं झाडूवालासुद्धा समजला असता. पण पार्तिनीच्या डोळ्यांपुढं मनीप्लँट लोंबत होता. "मी म्हटलंच होतं, म्बाह नाही म्हणायचे नाहीत," असं म्हणत ती ड्रिल मशीन आणायला पळाली.

तळाला भोक नको का? भोक नसेल तर मुळं कुजतात. ते ती सगळ्यांना शिकवायची, तर स्वतः कशी चुकेल? रांजण गोणपाटावर आडवा केला, तडा जाऊ नये म्हणून तळावर थेंबथेंब पाणी सोडत सोडत तिनं हळूहळू अंगठ्याएवढं भोक पाडलं. त्या घरघरीत म्बाह विर्यो आत गेले आणि तिच्यासाठी चहा घेऊन आले. देताना अर्धा चहा बशीत सांडला. वय झालं बिचाऱ्यांचं, असं पार्तिनीला वाटलं. तिनं बशीतला चहासुद्धा पिऊन टाकला आणि तुसाची राख मिसळलेली माती भरायला घेतली.

रांजण दिसला मात्र देखणा. खोटं कशाला बोलू? जो तो वळणावर थांबून फोटो काढायला लागला. म्बाह विर्योंना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "छान झालंय. बूंच्या हाताला गुण आहे." फक्त ते बाहेर बसेनासे झाले. बाक रिकामा. गुडघे धरले असतील, पार्तिनीनं मनाशी म्हटलं आणि त्यांना आल्याचा काढा नेऊन दिला. तोही त्यांनी हसून घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी म्बाह रुबियाहच्या हजाराव्या दिवसाचं जेवण आलं. आमच्याकडं माणूस गेल्यावर हजारावा दिवस झाला की दुःखाचा शेवट मानतात. थडग्यावर दगड बसवायचा, शेजाऱ्यांना बोलवून दुवा मागायची, जेवू घालायचं, आणि मग मागं राहिलेल्यांनी नेहमीच्या जगण्याला लागायचं. गुरुवारी जेवण होतं आणि रविवारी परीक्षक येणार होते. स्वयंपाकाला अर्थातच सगळ्या गल्लीच्या बायका आदल्या दिवशी सकाळपासून विर्योंच्या मागच्या अंगणात. कुणी नारळ खवतंय, कुणी तांदूळ धुतंय, आणि गप्पांना तर ऊत आलेला.

सुलिस सेमारांगहून दुपारी पोचली. पिशवी खांद्यावरच होती. तिनं त्यातून एक नवंकोरं ओगराळं काढलं, करवंटीचं, लांब दांड्याचं, बाजारातून निवडून आणलेलं. "बापू, रांजण धुतला का? उद्या रात्रीच भरून ठेवू, म्हणजे परवा सकाळी..." असं बोलतच ती पुढल्या दाराकडं गेली, आणि बोलणं तिथंच थांबलं.

पार्तिनी मागोमाग कौतुकानं गेली होती. तारीफ ऐकायची होती ना!

सुलिस रांजणाकडं बघत उभी होती. मग वळली आणि हसली. अगदी बापासारखी. "अगं बाई, किती फुललंय! बू, तुम्ही केलंत? फार छान." ती आत आली, ओगराळं हातात तसंच होतं. क्षणभर कुठं ठेवावं ते तिला कळेना. शेवटी तांदूळ धुणाऱ्या बायकांना देऊन टाकलं. "घ्या, पाणी ओतायला होईल."

बू मुर्नी तिथंच फणसाची भाजी ढवळत होती. कोपऱ्यावर हीच भाजी, गुदेग, विकणारी ही बाई मूळची सुराबायाची, आणि सुराबायाची माणसं मनातलं पोटात ठेवत नाहीत. तिनं पार्तिनीचा दंड धरला आणि तिला न्हाणीघरामागं ओढलं.

"डोळे उघडले का गं तुझे, की अजून झाडंच दिसतायत?"

"काय झालं?"

"काय झालं? म्हातारा हजाराव्या दिवसासाठी थांबला होता. बायकोचा रांजण दुसऱ्या दिवसापासून आपल्या हातानं भरणार होता. अडीच वर्षं झाकण पुसतोय, ते काय उगाच? सुलिस नवं ओगराळं घेऊन आली. आणि तू त्याच्या तळाला भोक पाडून ठेवलंस."

"पण मी विचारलं होतं!" पार्तिनीचा आवाज चिरकला. "ते हो म्हणाले होते!"

"हो म्हणाले, की 'तुम्हाला योग्य वाटेल तसं' म्हणाले?"

पार्तिनीनं मान वळवून पुढल्या दाराच्या दिशेनं बघितलं.

"मला हे कळायला इथं निम्मं आयुष्य घालवावं लागलं," मुर्नी म्हणाली. "तू तर इथंच जन्मलीस, बाई."

बशीत सांडलेला चहा, झाकणावरून उचललेलं पान, सगळं पार्तिनीला एकदम आठवलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. आपण त्यांच्या समोर बसून भोक पाडलं आणि त्यांनी आपल्याला चहा दिला. लाजेनं तिच्या कानांतून वाफा निघाल्या. आणि मग दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट. गल्लीभर इतक्या कुंड्या आहेत. त्यांतल्या कितींना कुणी खरंच हो म्हटलं होतं?

घरी परतताना तिनं दारोदार विचारून बघितलं. "खरं सांगा, हा हंस अडचण करतो का?" गल्लीप्रमुख पाक सुगेंगची, म्हणजे सुगेंगरावांची, मोटारसायकल त्या हंसामुळं रोज चार झटक्यांत आत यायची, हे तिनं आज पहिल्यांदा बघितलं होतं. "छे छे, बू!" ते म्हणाले. "हंसामुळं तर घराला शोभा आहे." सगळ्या दारी तेच. एकटी मुर्नीच मागून ओरडली, "माझ्या दारचं हेल्मेट उचल. डास होतात!" पार्तिनीला तिची पापी घ्यावीशी वाटली.

पण म्बाह विर्योंची माफी कशी मागायची? सरळ जाऊन 'चुकले' म्हणावं, तर ते म्हणणार, 'छे, कसली चूक?' आणि पुन्हा चहा आणणार. माफी मागून त्यांना आणखी एक खोटं हसायला लावायचं? ते तिला नको होतं. रात्रभर तिला डोळा लागला नाही. पहाटेची बांग झाली तशी ती टोपली आणि खुरपं घेऊन त्यांच्या दारी गेली.

"म्बाह," ती म्हणाली, "या रांजणात माझी झाडं काही रमत नाहीत. पानं मलूल पडायला लागलीत. काढून नेते म्हटलं. तुमचा रांजण तुम्ही परत घेता का?"

सासूची जीभ भाल्यासारखी ताठ उभी होती. मनीप्लँटनं तर जमीन गाठली होती. म्बाह विर्योंनी त्या टवटवीत झाडांकडं निवांत बघितलं.

"बिचारी," ते म्हणाले. "नाही रमत एकेकाला."

आणि ते बाकावर येऊन बसले. कितीतरी दिवसांनी.

तिनं एकेक झाड मुळासकट काढलं. म्हाताऱ्यानं टोपली धरली. माती उपसून झाली तेव्हा त्यांनी आत हात घालून तळ चाचपला आणि त्यांचं बोट भोकातून बाहेर आलं. पार्तिनीनं ते बघितलं मात्र, आणि तिचा बांध फुटला. ती तिथंच गोणपाटावर बसून रडायला लागली.

"रडू नका, बू," म्बाह म्हणाले. "भोकच आहे."

तुगिमानला बोलावलं. "अख्ख्या शहराच्या ट्यूबची भोकं मी बुजवली," तो म्हणाला, "एवढं काय अवघड? रबराचं बूच मारतो."

"पाणी प्यायचंय त्यातलं! टायरचा वास येईल," पार्तिनी खेकसली.

मग विटेची भुकटी आणि सिमेंट कालवून त्यानं आतून-बाहेरून भोक लिंपलं. दिवसभर रांजण ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी दुवा झाली, भातावर मुर्नीची फणसाची भाजी वाढली गेली, सगळे जेवले, पार्तिनी मात्र ताट घेऊन रांजणाशेजारीच बसली. तिचं सगळं लक्ष त्या फडक्याकडं. गळला तर? बाईच्या हजार दिवसांनंतरची पहिली सकाळ, आणि रांजण गळला तर?

शुक्रवारी सकाळी म्बाह विर्योंनी रांजण धुतला, आदल्या रात्री उकळून गार केलेलं पाणी स्वतः घागरीनं आणून त्यात ओतलं. सुलिस ओगराळं धरून उभी. पार्तिनी आपल्या दारातून बघत होती, पुढं जायचं धाडस नव्हतं. पाणी काठाला लागलं. म्बाह वाकले, तळाखाली हात फिरवला. मग तिच्याकडं बघून त्यांनी मान डोलावली. एक थेंब गळत होता, सावकाश, मध्येच थांबून. पण पाणी टिकलं होतं.

पहिलं पाणी प्यायला एक झाडूवाला. "रांजण भरला वाटतं?" एवढंच तो म्हणाला, तोंड पुसलं आणि पुढं गेला.

रविवारी परीक्षक आले. पांढरे शर्ट, हातात लिहायचे पॅड. वळणावर आल्या आल्या त्यांतल्या बाई म्हणाल्या, "इथं रांजण आहे, पण लागवड काहीच नाही?"

सगळी गल्ली पार्तिनीकडं बघायला लागली. पाक सुगेंगनी घसा खाकरला.

"यात पाणी आहे," पार्तिनी म्हणाली. "प्यायचंय का तुम्हाला? उन्हातून आलात."

बाई पाणी प्याल्या. छान गार आहे म्हणाल्या. पहिला नंबर पुन्हा नदीपलीकडं गेला. त्यांनी यंदा बाटल्यांचा मोर केला होता. बाटल्यांचा मोर! पार्तिनीनं आठवडाभर त्या बाजूला बघितलं नाही. पण खरं सांगायचं तर तिला जेवढा राग यायला हवा होता, तेवढा आला नाही.

तेव्हापासून ती फांद्या वाटायची, पण कुंडी घेऊन दारात उभी राहायची नाही. ओल्या कागदात गुंडाळलेल्या फांद्या भिशीत मध्ये ठेवायच्या, जिला हवी तिनं उचलावी. सुरुवातीला कुणी उचलेना. नंतर उचलायला लागल्या, आणि उचललेली झाडं जगायलाही लागली. पाक सुगेंगच्या दारातला हंस एका सकाळी आपोआप कोपऱ्यात सरकलेला दिसला. कुणी सरकवला, ते कुणी बोललं नाही.

म्बाह विर्यो पुन्हा बाकावर बसायला लागले. रांजणाखालचा थेंब चालूच होता. त्याच्या खालची वीट हिरवीगार झाली, आणि एका सकाळी पार्तिनीचे पाय तिथं थबकलेच. सावली आहे, ओल आहे, नेच्याला याच्यापेक्षा चांगली जागा जगात कुठं मिळणार? तिनं स्वतःला पुष्कळ आवरलं हो. पण स्वभावाला औषध नाही.

"म्बाह," ती अगदी हळू म्हणाली, "इथं थेंबाखाली एक छोटासा नेचा ठेवू का? छोटासाच. बशीत."

म्बाह हसले. जरा थांबले. "तुम्हाला योग्य..." त्यांनी सुरुवात केली.

पार्तिनी लगेच उठली. "नाही नाही, काही नाही, असंच आपलं. आज उकाडा फार आहे, नाही?"

"बसा, बू." म्हातारा एकदम म्हणाला. त्यांनी थेंबाकडं बघितलं, मग तिच्याकडं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एवढा मोठा माणूस, पण जड ओंडका उचलावा तसं त्यांचं चाललं होतं.

"नको," ते म्हणाले.

पार्तिनी बाकाच्या टोकाला टेकली.

"तो थेंब मांजर पितं," म्बाह म्हणाले. "रुबियाहचं मांजर. बशी ठेवली तर त्याला यायला जमायचं नाही. म्हणून नको."

"बरं," पार्तिनी म्हणाली. "बरं, म्बाह. नको तर नको."

ती चालत चालत गल्लीच्या तोंडाशी गेली. तुगिमान एका चाकावर वाकून बसला होता. तिच्याकडं वर बघितलं तर बाईच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"काय गं? कोण मेलं?"

"म्बाह विर्यो मला नको म्हणाले."

"मग त्यात रडायचं काय? मी तुला लग्न झाल्यापासून नको म्हणतोय. माझ्यासाठी कधी रडली नाहीस."

"तू घरचा आहेस," पार्तिनी नाक पुसत म्हणाली, आणि त्याच्या शेजारी खाली बसली.